स्लॅबआधी माणसांची घडी बसवा: कोल्हापुरात घर बांधताना चुका आवरायची रीत

बांधकामात काही बिघडलं की आपल्याकडे पहिलं बोट गवंड्याकडे जातं आणि दुसरं सिमेंटकडे. पण सळई नावाजलेल्या कंपनीची, सिमेंट ताजं, डिझाइन जाणत्या इंजिनिअरचं, आणि तरीही दोन पावसाळ्यांत गॅलरीच्या मुळाशी चीर, असं कसं होतं? खोदून विचारलं की एकेक गोष्ट बाहेर येते. स्लॅब सुरूच दुपारी झाला होता. सेंट्रिंगवाल्याला (स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणाऱ्याला) दुसऱ्या दिवशी उचगावात हजर व्हायचं होतं. मालकांना वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायचा होता. इंजिनिअरांनी सळई मोबाइलवरच्या फोटोत बघून 'ओके' केली होती. यातला कुणीच बेईमान नसतो. कामच असं लावलेलं असतं की चूक होणार.

माणसावर ओरडून चूक थांबत नाही. काम लावायची पद्धत बदलली तर थांबते, आणि ती बदलायची ताकद मालकाकडे असते, कारण पैसे तो देतो. म्हणून हा लेख प्लॉटवर स्वतःचं घर किंवा दोन-तीन मजली छोटी इमारत बांधणाऱ्या मालकासाठी आहे. मोठ्या बिल्डरकडे सेफ्टी ऑफिसर असतो, निदान कागदावर तरी. आपल्याकडे मालक, मिस्त्री आणि अधूनमधून येणारा इंजिनिअर, एवढाच कारभार.

पायरी १: चूक कुठल्या जातीची, ते ओळखा

साइटवरच्या चुका ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात, आणि तिघींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिली, विसरण्याची. फिटरला, म्हणजे सळई बांधणाऱ्याला, कव्हरचे ठोकळे (सळई काँक्रीटच्या पृष्ठापासून आत ठेवणारे) लावायचे माहीत असतात, पण बीमच्या एका टोकाला ते राहून जातात. इथे समज देऊन काही होत नाही. यादी करून खूण करावी लागते, आणि तपासणारा दुसरा माणूस लागतो. ज्याने बांधलं त्यालाच 'सगळं झालं का?' विचारलं तर उत्तर 'झालं' असंच येणार.

दुसरी, समजुतीची. गॅलरीची मुख्य सळई वर असते हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो ती प्रामाणिकपणे खाली बांधतो, आणि अगदी नीटनेटकी बांधतो. इथे आधी शिकवावं लागतं.

तिसरी, जाणूनबुजून केलेली. "मालक, काय हुतंय? आजवर असंच टाकतोय की!" ही चूक सर्वांत घातक, कारण ती बहुतेक वेळा खपून जाते. इमारतीच्या हिशेबात सुरक्षेसाठी वाढीव ताकद धरलेली असते, त्यामुळे एक सूट घेतली म्हणून काही पडत नाही. मग त्या न पडण्याचाच दाखला देऊन पुढची सूट घेतली जाते. पाणी जास्त, ठोकळे कमी, टेकू लवकर काढले, अशा चार सुटी एका ठिकाणी गाठ पडल्या की मग मात्र निभत नाही. अशा वेळी 'हे सोडून देण्यात याचा काय फायदा आहे?' हा प्रश्न विचारा. उत्तर बहुधा वेळेत किंवा मजुरीत सापडतं.

पायरी २: व्यवहार ठरवतानाच अर्ध्या चुका काढून टाका

आपल्याकडे आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, काम चौरस फुटावर उक्तं जातं. त्यात वाईट काही नाही, पण याचा अर्थ असा की टोळीचा प्रत्येक थांबलेला तास तिच्या खिशातून जातो. इंजिनिअर येईपर्यंत थांबणं, चुकलेली रिंग (मुख्य सळयांना बाहेरून वेढणारी) सोडून पुन्हा बांधणं, टेकू आणखी आठवडाभर ठेवणं, यातलं काहीच तिला परवडत नाही. ते परवडेल असा व्यवहार करा. माझ्या मते करारात एवढं तरी हवं:

पैशांचे हप्ते 'स्लॅब पडला' यावर न ठेवता तपासणीवर ठेवा, आणि एक हप्ता सेंट्रिंग ठरलेल्या तारखेला खोलल्यानंतरचा राखून ठेवा. प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतील तर जादा दिवसांचं भाडं कोण देणार ते आधीच लिहा. हे भाडं मालकाने उचलावं. ते मिस्त्रीच्या अंगावर टाकलं की टेकू लवकर निघणारच.

पाणी मारायला वेगळा माणूस आणि वेगळी हजेरी ठेवा. उक्त्या कामात क्युरिंगचे, म्हणजे या पाणी मारण्याचे, पैसे कुणालाच मिळत नाहीत, म्हणून ते कुणाचंच काम नसतं. प्लॉटवर राहणाऱ्या वॉचमनच्या बायकोकडून फुकटात ते करून घ्यायची आपल्याकडे जी चाल आहे, ती सोडा. रीतसर पैसे द्या, पाणी वेळेवर पडेल.

इंजिनिअरची फी ठरवताना भेटी लिहून घ्या. पायाचा खड्डा, फुटिंगची (कॉलमखालच्या पायाची) जाळी, प्रत्येक मजल्याचे कॉलम, प्रत्येक स्लॅबची सळई आणि खोलण्याचा दिवस, एवढ्या तर हव्यातच. स्वस्तात डिझाइन करून देणारा साइटवर येत नसेल तर ते स्वस्त नव्हे.

उचलीचंही ध्यानात ठेवा. ज्या मिस्त्रीने तुमच्याकडून पन्नास हजार आधीच उचलले आहेत, तो 'मालक, आज स्लॅब नको' असं तुम्हाला म्हणणार नाही. तुम्हीच विचारायला हवं, आणि चारचौघांत नव्हे.

पायरी ३: ड्रॉइंग एकच, आणि सगळ्यांना कळणारं

व्हॉट्सअॅपवर एकाच घराच्या ड्रॉइंगच्या तीन आवृत्त्या फिरतात, आणि फिटरच्या मोबाइलमध्ये सगळ्यांत जुनी असते. नवी आवृत्ती आली की साइटवरची जुनी प्रत फाडून टाका. भिंतीवर फक्त एक छापील प्रत, तिच्यावर तारीख आणि इंजिनिअरची सही.

मोजमापाचा घोळ वेगळाच. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, मिस्त्री सुतात आणि इंचात विचार करतो. दहाची सळई त्याच्या लेखी तीन सूत, बाराची चार सूत, सोळाची पाच सूत. त्यात टोळी विजापूर-बागलकोटकडची असेल तर बोलणं कानडीत, बिहार-यूपीची असेल तर हिंदीत, आणि कागदावर सगळं इंग्रजीत. कुणी 'कळलं का?' म्हणालं तर सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा पहिला कॉलम, पहिला बीम आणि गॅलरीचा एक तुकडा इंजिनिअरसमोर बांधून घ्या आणि तोच नमुना म्हणून ठेवा. रिंगांचं अंतर उभ्या सळयांवर ऑइल पेंटने मारून द्या. रिंगचं टोक आत, १३५ अंशांत वळलेलं हवं. काटकोनात वळवलेली रिंग भूकंपात उघडते. कोल्हापूर कोयनेपासून लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट घरातल्या थोरांना विचारा.

बदल फोनवर ठरवू नका. 'बाराची सळई संपली, दहाची टाकू का?' हा प्रश्न साधा वाटतो. जाडी फक्त दोन मिलिमीटरने कमी होते, पण पोलाद सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. अशा छोट्या बदलाने काय होतं याचा जगप्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी लटकते पादचारी पूल कोसळून ११४ जण दगावले. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळईला टांगलेला होता. जोडायला सोपं जावं म्हणून तिच्या दोन सळया केल्या, आणि वरच्या पुलाच्या सांध्यावर दुप्पट भार आला. बदललेल्या आराखड्यावर शिक्का बसला, पण सांध्याचा हिशेब नव्याने कुणी मांडला नाही. म्हणून साइटवर एक शंभरपानी वही ठेवा. बदल काय, कुणी सुचवला, इंजिनिअरची सही. सही नाही तर बदल नाही.

पायरी ४: खड्डा डोळ्यांनी बघा

एकाच प्लॉटमध्ये एका टोकाला मुरूम आणि दुसऱ्या टोकाला काळी माती, हे आपल्याकडे सर्रास आढळतं. शेताचे प्लॉट पडलेल्या भागात जुनी विहीर किंवा ओघळ भरून घेतलेला असू शकतो; शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला विचारलं तर तो नेमकी जागा दाखवतो. डिझाइन कागदावरच्या मातीचं असतं. खड्ड्यात वेगळं काही दिसलं तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या भागांत २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते ठाऊकच आहे. अशा जागी जोत्याची उंची आणि मातीची तपासणी यांत काटकसर नको.

दीड मीटरपेक्षा खोल खड्डा असेल तर बाजूंना उतार द्या किंवा फळ्यांचा आधार द्या. काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका. कडेलाच ढीग घालून खाली माणूस उतरवणं ही वेळ वाचवायची युक्ती फार जुनी आहे, आणि पावसात काळ्या मातीची भिंत कसलाही आवाज न करता खाली येते.

पायरी ५: सळई आदल्या दिवशी, उजेडात तपासा

सकाळी मिक्सर सुरू, माणसं घमेली घेऊन उभी, आणि तेव्हा इंजिनिअर येऊन 'हे चुकलंय' म्हणतो. त्या क्षणी बरोबर निर्णय घेणं फार अवघड असतं, कारण तीस माणसांची हजेरी चालू झालेली असते. तपासणी आदल्या दिवशी दुपारी करा, म्हणजे दुरुस्तीला संध्याकाळ उरते.

सगळ्यांत जास्त वेळ गॅलरी आणि छज्जावर घालवा. आधारावरून बाहेर आलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या अंगाला असतो, म्हणून मुख्य सळई वर असते. ती वर टिकवायला खाली सळईच्या खुर्च्या लागतात. काँक्रीट टाकताना माणसं नेमकी तिच्यावरून चालतात आणि ती हळूहळू दबते. पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये वरून २० मिलिमीटर कव्हर सोडलं तर सळईच्या मध्यापासून खालच्या पृष्ठापर्यंत साधारण १०० मिलिमीटर मिळतात. सळई एक इंच खाली गेली की उरतात ७५. गॅलरीची ताकद जवळपास पाव हिश्श्याने गेली, आणि वरून फरशी बसल्यावर हे कुणाला दिसणारही नाही. पूर्ण दबून तळाला गेली तर त्या गॅलरीत सळई असून नसल्यासारखी.

इलाज स्वस्त आहे. खुर्च्या तीन-तीन फुटांवर, आणि चालण्यासाठी जाळीवर न टेकणाऱ्या फळ्यांची वाट. त्या वाटेवरूनच जायचं हे सकाळी सगळ्यांना सांगायचं, आणि काँक्रीट गॅलरीपाशी पोहोचलं की एक माणूस फक्त सळई उचलून धरायला ठेवायचा.

बाकीचं झटपट: स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५० मिलिमीटर कव्हर, आणि त्यासाठी सिमेंटचे किंवा पीव्हीसीचे ठोकळे; खडी किंवा फरशीचे तुकडे चालणार नाहीत. सळयांचे जोड सगळे एकाच रेषेत नकोत. विजेच्या पाइपांचा जुडगा बीम-कॉलमच्या सांध्यातून नेलेला नको.

पायरी ६: टेकूंखाली काय आहे ते वाकून बघा

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे नुसतं काँक्रीटच सुमारे २९ टन, बीम वेगळे. एवढं ओझं काही तास फक्त टेकूंवर असतं. भराव घालून नीट न ठोकलेल्या मातीवर टेकू उभे केले आणि रात्री वळीव झाला, तर सकाळी सगळे टेकू उभे दिसतात, पण त्यातले काही नुसते लोंबकळत असतात. प्रत्येक टेकूखाली फळी हवी, आणि स्लॅबच्या सकाळी प्रत्येक टेकू हाताने हलवून बघायचा. हलला तर पाचर ठोका. आडवे-तिरपे बांध नसलेली सेंट्रिंग उभी दिसते, ढकलल्यावर कलते. एकावर एक दोन तुकडे जोडलेला टेकू काढून टाका. काँक्रीट पडत असताना खाली एक अनुभवी माणूस असावा. बाकी कुणीही, विशेषतः मुलं, त्या स्लॅबखाली नकोत.

पायरी ७: स्लॅबचा दिवस

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहाला सुरुवात करा. एक तर दुपारचं ऊन माणसाला थकवतं, आणि थकलेला माणूस व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) एका जागी धरून ठेवतो किंवा कोपऱ्यात फिरवतच नाही. दुसरं म्हणजे वळीव बहुधा दुपारनंतर येतो. ताडपत्री आणून ठेवा. पाऊस आलाच तर कुठे थांबायचं, जोड कुठे घ्यायचा, याची खूण इंजिनिअरकडून आदल्या दिवशीच करून घ्या. ऐन पावसात हा निर्णय मुकादमावर सोडला तर तो जिथे उभा असेल तिथेच थांबेल.

पाण्याचा प्रश्न माणसांचा प्रश्न आहे. घट्ट काँक्रीट ओढायला त्रास होतो, म्हणून मिक्सरवाला पाणी वाढवतो. त्याला शिव्या बसतात त्या काँक्रीट घट्ट झाल्यावर, पातळ झाल्यावर कधीच नाही. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर ठरलं असेल आणि प्रत्यक्षात ३५ गेलं, तर ताकदीचा साधारण तिसरा हिस्सा जातो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम २० प्रतीच्या ठरीव मिश्रणालाही पोत्यामागे ३० लिटर ही वरची हद्द आहे. बादलीवर रंगाची रेघ मारा, ओल्या वाळूत आधीच पाणी असतं हे मिक्सरवाल्याला समजावून सांगा, आणि काँक्रीट सरकत नसेल तर पाण्याऐवजी इंजिनिअरने सांगितलेलं रसायन वापरा. रेडीमिक्स, म्हणजे तयार कालवून गाडीने येणारं काँक्रीट, असेल तर चलनावरची वेळ बघा; दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी, आणि ड्रायव्हरला पाणी वाढवायला पाइप द्यायचा नाही.

ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून घ्या. ६ ते १५ घनमीटरच्या कामाला दोन नमुने, १६ ते ३० ला तीन. प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. ते मिक्सरच्या तोंडाशी, मधल्याच एखाद्या मालातून घ्या. मुद्दाम चांगला माल कालवून भरलेल्या क्यूबने फक्त फाइल जाड होते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून एका माणसाचं नाव जाहीर करा, जो 'थांबा' म्हणाला की मिक्सर बंद. हा माणूस शक्यतो मालक नसावा. आपण पैशाकडे बघतो. आणि मिक्सरवाल्यापासून खडी भरणाऱ्या मावशीपर्यंत कुणालाही काही वेगळं दिसलं तर त्या माणसाला सांगायची मुभा आहे, हेही त्याच वेळी सांगा. कुणी खोटी शंका काढली तरी त्याला हसायचं नाही. एकदा हसलात की पुढच्या वेळी खरी शंका कुणी बोलणार नाही. जेवण टोळीला दोन पाळ्यांत द्या, म्हणजे काँक्रीट मध्येच तासभर उघडं पडत नाही. आणि स्लॅबची पार्टी संध्याकाळीच, काम उरकल्यावर.

पायरी ८: तारखा रंगाने लिहा

कोणता स्लॅब कधी पडला हे आठवणीवर सोडू नका. बीमच्या बाजूला रंगाने दोन तारखा लिहा: टाकल्याची आणि खोलायची. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला कॉलमच्या आणि बीमच्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी काढता येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस. आपल्याकडे सर्रास मिळतं ते पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट सावकाश ताकद धरतं, म्हणून इंजिनिअर यात दिवस वाढवून देईल, ते ऐका. गॅलरीचे टेकू सगळ्यांत शेवटी, आणि बाहेरच्या टोकाकडून आत. वरचा स्लॅब टाकताना त्याचं ओझं खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतं, म्हणून खालच्या मजल्यालाही टेकू हवेत.

पाणी पीपीसीला किमान १० दिवस, जमलं तर १४. स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवणं सोपं. कॉलमला मात्र गोणपाट गुंडाळावं लागतं.

पायरी ९: काम करणारा माणूस

जिन्याची पोकळी, लिफ्टचा खड्डा, स्लॅबची कड: तिन्हींना पहिल्या दिवसापासून कठडा. परांचीवर दोन फळ्या तरी बांधलेल्या. व्हायब्रेटर आणि मिक्सरच्या वायरवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच. ओल्या स्लॅबवर अनवाणी उभ्या माणसाचा जीव तिच्यावर आहे. सळई १२ मीटर लांब येते. ती उभी करून वर घेताना रस्त्यावरची वीजवाहिनी किती जवळ आहे ते बघा आणि महावितरणला आधी कळवा.

टोळीतल्या लोकांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, तेही विचारा. १८ ते ६० वर्षांच्या, वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. त्यासाठी मालकाने द्यायच्या दाखल्याला टाळाटाळ करू नका.

पायरी १०: राहायला आल्यावरच्या चुका

इमारत उभी राहिली म्हणजे माणसांच्या चुका संपल्या असं नाही. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले, आणि ठपका आला तो तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवर. तळमजल्याला दुकान किंवा दवाखाना आला की 'हा खांब मध्ये येतोय' हे वाक्य ऐकू येतंच. प्लंबर कॉलममध्ये झिरी पाडतो, एसीवाला बीमला भोक पाडतो. दोघांनाही ते काय कापत आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. आरसीसीचा नकाशा घरात ठेवा आणि काम सुरू व्हायच्या आधी दाखवा.

गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालायची सवय मोडा. चार इंचांचा जादा थर म्हणजे दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास, आणि वापरातल्या गच्चीवर माणसं-सामानासाठी डिझाइनमध्ये साधारण १५० किलोच धरलेले असतात. पाच हजार लिटरची टाकी पाच टनांची असते. ती कॉलमवर बसवा, स्लॅबच्या मधोमध नको.

फ्लॅट घेतला असेल तर रेराच्या (बिल्डर-ग्राहक व्यवहारांच्या कायद्याच्या) कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी तक्रार करा आणि चिरेचे फोटो बाजूला पट्टी धरून काढा. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल तपासणी बंधनकारक आहे. ती मार्चपर्यंत उरका, म्हणजे दुरुस्तीला पावसाळ्याआधी वेळ मिळतो. पुराचं पाणी दोन-चार दिवस तळमजल्यात राहिलं असेल तर वर्षं मोजत बसू नका.

खांबाचं काँक्रीट फुगून सुटायला लागलं, नेहमीचे दरवाजे एकाएकी अडकू लागले, चीर दिवसागणिक रुंदावू लागली किंवा भिंतीतून कटकट आवाज यायला लागला, तर गिलाव्याला माणूस बोलावू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, वीज आणि गॅस बंद करा, १०१ ला फोन लावा, आणि इंजिनिअर बघून जाईपर्यंत दागिने आणायलासुद्धा कुणाला आत सोडू नका.